कंबरदुखी आणि मोबाइल कोणाच्या हातात?

(नागपूर येथील आरोग्यविषयक बैठकीतील भाषण)



तलाकवर, दंगलीवर बोलायला आपल्याकडे वक्ते मिळतात. कंबरेवर बोलायला कोणी मिळत नाही, म्हणून आज मी.

कामठीचा मागावर बसणारा विणकर घ्या, की काटोलकडे कमरेला ओटी बांधून पऱ्हाटीतला कापूस वेचणारी बाई घ्या. बारा आठवड्यांहून जास्त टिकलेली कंबरदुखी जुनाट समजतात. यांची वर्षानुवर्षं टिकते. नागपूरला मेडिकलमध्ये यायचं तर मजुरी बुडते, भाडं लागतं आणि सोबत एक माणूस लागतो.

'ई-संजीवनी' ही सरकारी सेवा २०१९ पासून आहे. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचं डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणं करून देतात. घरूनही बोलता येतं. पैसे लागत नाहीत.

कंबरदुखीला हे चालतं का? बरंच चालतं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायाम आणि माहितीवर भर आहे. कमरेचा पट्टा, ट्रॅक्शन सरसकट देऊ नका असं म्हटलंय. व्यायाम व्हिडिओवर दाखवता येतो, महिन्याने पुन्हा विचारताही येतं. आपल्याला मात्र सुई टोचल्याशिवाय इलाज झाल्यासारखं वाटत नाही!

काही लक्षणं मात्र फोनवर सोडू नका. लघवी-संडासवरचा ताबा गेला, जांघेत बधिरपणा आला, पायातली ताकद कमी झाली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. ताप आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा टीबीही असू शकतो. डॉक्टरांकडून प्रत्यक्ष तपासून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. मोबाइल नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. डॉक्टरांशी तोच बोलतो, "अम्मीची कंबर दुखते." अम्मी मागे उभी. खोकताना लघवी सुटते, हे ती मुलासमोर कसं सांगणार? डॉक्टरांना नेमकं तेच कळायला हवं असतं.

टेलिमेडिसिनच्या मार्च २०२० च्या नियमांत रुग्णाने स्वतः फोन केला तर संमती गृहीत धरतात. दुसऱ्याने लावला तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते. कॅमेरा नको असेल तर नुसतं बोलूनही सल्ला घेता येतो. पण वाकताना कुठे अडतं, हे बघावं लागलं तर उपकेंद्रातल्या ताईंना सोबत बसवा.

तरुण कार्यकर्त्यांना माझं एकच काम आहे. फोन लावून द्या, तिच्या हातात द्या आणि खोलीबाहेर थांबा. नंतर चिठ्ठी वाचून दाखवा: गोळी किती दिवस घ्यायची, जेवणाआधी की नंतर. दुखणं थांबवायच्या गोळ्या महिनोन्‌महिने मनाने घेतल्या तर पोटाला आणि किडनीला त्रास होतो, हेही तिला तेव्हाच सांगा.