कूलरमध्ये पाणी कोण भरते?

(शिक्षिकांच्या शिबिरात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे 'हवामानबदल आणि विद्यार्थ्यांच्या स्पर्धा'. तुम्ही बहुतेक जणी शिक्षिका आहात, तेव्हा स्पर्धा कशा होतात हे तुम्हाला सांगायला नको. तक्ते कोण रंगवते आणि परीक्षक आले की पुढे होऊन कोण बोलते, हे आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मी आज माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे.

२०१८ च्या डिसेंबरात विदर्भातल्या एका आंतरशालेय स्पर्धेत मी परीक्षक होते. वाढत्या उन्हाळ्यावर आपल्या गावापुरता उपाय शोधा, असा विषय. (स्वेटर घालून आम्ही उन्हाळ्याचे प्रकल्प तपासत होतो, ते असो.) पहिला क्रमांक मुलांच्या एका गटाला दिला. भंगारातला पंखा, माठ आणि वाळ्याचे पडदे घेऊन त्यांनी स्वस्तातला कूलर केला होता. चांगला होता. वीज किती लागते, खर्च किती, सगळे आम्ही विचारले. त्यात रोज पाणी कोण भरणार, हे कोणी विचारले नाही. मीही नाही, आणि माझा जन्म कूलरच्या टाकीत बादल्या ओतण्यात गेलेला आहे!

शेवटच्या टेबलाशी आठवीतल्या तीन मुली होत्या. त्यांच्याकडे यंत्र नव्हते, एक नोंदवही होती. मे महिन्यात पंधरा दिवस, शाळेतला तापमापक मागून घेऊन, त्यांनी आपल्या वस्तीतल्या पत्र्याच्या घरांत दर दोन तासांनी तापमान मोजले होते. शेजारच्या रकान्यात लिहिले होते, त्या वेळी घरात कोण होते आणि काय करत होते. पत्र्याखालचे स्वयंपाकघर तापते हे कळायला तापमापक कशाला, असे माझ्याबरोबरचे परीक्षक म्हणाले. पण खरी गोष्ट त्या दुसऱ्या रकान्यात होती. भर दुपारी तिथे असायची ती बाई, नाहीतर मुलगी. कारण नळ एक वाजता यायचा. उन्हात पाणी आणायचे, त्यातल्या पाच-सहा बादल्या कूलरमध्ये ओतायच्या आणि मग चुलीपाशी बसायचे. कूलर पुढच्या खोलीत. स्वयंपाकघराला खिडकी नाही, त्यामुळे तिथे नुसती दमट हवा कोंडते. दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. हे त्या मुलींनी आपल्या शब्दांत स्वच्छ लिहिले होते.

मी विचारले, "मग उपाय काय?" त्यांच्यातली एक म्हणाली, "मॅडम, नळ सकाळी सोडायचा. आणि पत्र्यावर चुना मारायचा." मी म्हटले, "हे तर गाऱ्हाणे झाले. प्रकल्प कुठे आहे?" नावीन्य या सदरात मी त्यांना १० पैकी २ गुण दिले.

मला कळत नव्हते असे नाही. राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ साली सुरू झाली, तिच्यात मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घ्यावा, पाहणी करावी, नोंदी ठेवाव्यात, असेच अपेक्षित होते. २०१४ आणि २०१५ ला तिथे हवामान हाच विषय होता. पण हॉलमध्ये उभे राहिले की डोळा फिरणाऱ्या चाकाकडे जातो.

याच नजरेने या देशात चुली वाटल्या गेल्या. १९८३ साली सुधारित चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, २००२ मध्ये तो बंद झाला. तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या, आणि त्यातल्या कितीतरी बायकांनी सोडून दिल्या. भांडे नीट बसेना, लाकूड बारीक फोडावे लागे, धुराडे साफ करायचे काम वाढले. चूल करताना चुलीपाशी बसणारीला विचारले नाही की असे होते.

मुलींनी यंत्रे करू नयेत असे माझे म्हणणे नाही. तिरुवण्णामलैची विनिशा उमाशंकर शाळेत असतानाच इस्त्रीवाल्यांच्या कोळशाकडे पाहून सौर इस्त्रीगाडीच्या मागे लागली. पाच तासांच्या उन्हावर सहा तास इस्त्री चालेल, अशी ती रचना. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ती बोलली. तिनेही सुरुवात केली ती कोळसा पेटवणाऱ्या माणसापासून.

आता त्या मुलींचे. त्यांच्या बाईंनी ती नोंदवही २०१९ मध्ये महिला ग्रामसभेत वाचून दाखवली. आधी ठरलेले उत्तर आले, दुपारीच वीज असते, काय करणार. तेव्हा पंप चालवणाराच उठून म्हणाला, रात्रीच्या विजेवर टाकी भरून ठेवली तर सकाळी सोडता येईल. पैसा लागला नाही. दोन सभा मात्र लागल्या, कारण पहिल्या सभेत सरपंच उठून गेले. आता नळ सकाळी येतो. चुना काही घरांनी मारला, काहींनी नाही. पहिला आलेला कूलर शाळेच्या कपाटावर आहे.

मला उत्तर देणारी ती मुलगी मात्र पुन्हा कुठल्याही स्पर्धेला आली नाही. तिच्या बाईंना ती म्हणाली, "मला विज्ञान जमत नाही." मी पुढच्या वर्षी तिला भेटायला गेले, माझे चुकले असे सांगितले. ती हसली आणि चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतर परीक्षक म्हणून बोलावले की मी गुणपत्रकात दोन प्रश्न घालायला लावते. हे रोज कोण चालवणार? आणि तिला विचारले का? आयोजक कुरकुरतात, पण घालतात. त्या गुणपत्रकाच्या प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत. या हिवाळ्यात ज्या परीक्षक म्हणून जाणार आहेत, त्यांनी जाताना घेऊन जा.