खुर्चीची शिस्त कोणासाठीं?

(पहूर येथील सभेंत केलेलें भाषण)



 आज आम्ही विधानसभेच्या अध्यक्षाविषयीं बोलणार आहों. सभागृहांत शिस्त राखणें हें त्याचें मुख्य काम. हा विषय ऐकून कोणी मनांत म्हणेल कीं, मुंबईच्या त्या उंच खुर्चीशीं आम्हां कापूस-केळी पिकविणाऱ्यांचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्या उंबऱ्यापाशीं येऊन पोंचलेला आहे. जुलै २०२१ पासून जानेवारी २०२२ पर्यंत या आपल्या जामनेर मतदारसंघाला निवडून दिलेला आमदार होता, पण त्याला विधानसभेंत पाऊल टाकतां येत नव्हतें. जागा कागदावर भरलेली आणि सभागृहांत मुकी. हें कसें घडलें व त्यांतून आपण काय शिकावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

मुंबईस जाण्यापूर्वीं आपण एका खेड्यांत जाऊं. कांहीं वर्षांपूर्वीं आम्ही एका ग्रामसभेस हजर होतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. अशीं गांवें पुष्कळ आहेत. एक विधवा बाई उभी राहिली. तिचें नांव घरकुलाच्या यादींतून गळलें होतें आणि तें कां गळलें एवढेंच तिला विचारावयाचें होतें. तिचें पहिलें वाक्य पुरें होतें न होतें तोंच दोन तटांत जुंपली. एक म्हणे रस्त्याचें बोला, दुसरा म्हणे आधीं मागचा हिशेब दाखवा. माईक ओढला गेला, खुर्च्या सरकल्या, सरपंच उठून निघून गेले. पुढें इतिवृत्ताच्या वहींत लिहिलें गेलें कीं, सर्व विषय एकमतानें मंजूर! भांडणाऱ्या तटांचें कांहींच बिघडलें नाहीं. रस्ता ज्यांस हवा होता त्यांनीं तो मागाहून मिळविला. हिशेब ज्यांस दडवावयाचा होता त्यांचा तो दडला. बुडाली ती एकटी बाई.

सभेंतील गोंधळानें कोणाचें नुकसान होतें, हें त्या दिवशीं आमच्या ध्यानांत आलें. ज्याचा आवाज मोठा, ज्याचीं माणसें पुष्कळ, ज्याची ओळख वरपर्यंत, त्याला सभेची गरजच नसते. त्याचें काम सभेबाहेर होतें. ज्याला सभेवांचून दुसरें दारच नाहीं त्यालाच शिस्त हवी असते. म्हणून आम्ही म्हणतों कीं, सभेची शिस्त ही गरिबाची मालमत्ता आहे.

आपल्या खानदेशांत हें तत्त्व कोणास शिकवावयास नको. पांझरेच्या कांठीं फडाची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. बंधाऱ्याचें पाणी पाटानें येतें आणि पाळीपाळीनें शेतांना देण्याचें काम पाटकऱ्याकडे असतें. पाटाच्या तोंडाशीं ज्याचें शेत आहे त्याला पाटकऱ्याचें फारसें अगत्य नसतें. दार फोडलें कीं पाणी त्याचेंच. पण शेवटच्या वावराच्या मालकाला विचारा. तो सांगेल कीं पाटकरी प्रामाणिक असला तर पीक हातीं येतें. विधानसभेचा अध्यक्ष हा असाच पाटकरी. पाण्याच्या ठिकाणीं बोलण्याची वेळ आहे, एवढाच फरक. महाराष्ट्राच्या विधानसभेंत २८८ वावरें आहेत. त्यांतील प्रत्येकाला आपली पाळी मिळाली पाहिजे, मग तें सरकारपक्षाचें असो कीं विरोधी पक्षाचें.

या पाटकऱ्यापाशीं हत्यारें कोणतीं? प्रथम शब्द. तो सभासदाला बसावयास सांगतो, विषयावर या म्हणून बजावतो, अयोग्य शब्द कामकाजांतून काढून टाकतो. तेवढ्यानें भागलें नाहीं तर आपल्या विधानसभेच्या ५३ व्या नियमाप्रमाणें त्या दिवसापुरतें सभागृहाबाहेर जाण्याचा हुकूम देतो. त्याच अधिवेशनांत पुन्हां तसाच प्रसंग आला तर अधिवेशन संपेपर्यंत बाहेर ठेवूं शकतो. फारच अनावर झालें तर बैठक तहकूब करतो. पायरीपायरीनें वाढणारे हे अधिकार आहेत. आणि अधिकार देतांना घटनेनें त्याच्या हाताला एक गांठहि मारून ठेवली आहे. अध्यक्ष इतरांबरोबर मत देत नाहीं. दोन्हीं बाजूंचीं मतें समान पडलीं तरच त्याचें मत. आणि त्याला काढून टाकण्याचा ठराव चर्चेस असतां त्यानें त्या खुर्चीवर बसावयाचें नाहीं. ज्याच्याविरुद्ध तक्रार त्यानेंच निवाडा करूं नये, हा पंचायतीचा जुना न्यायच तेथें लिहून ठेवलेला आहे.

ही खुर्ची कोणाची, याचा निकाल विलायतेंत फार पूर्वीं लागला. ४ जानेवारी १६४२ रोजीं पहिला चार्लस राजा शिपाई घेऊन पार्लमेंटांत शिरला आणि पांच सभासदांना पकडण्यासाठीं ते कोठें आहेत असें अध्यक्षाला विचारूं लागला. अध्यक्ष विल्यम लेंथॉल यानें गुडघे टेकले, मान दिला, पण उत्तर दिलें तें असें कीं, या जागीं आपले डोळे आणि आपली जीभ हीं सभागृहाच्या हुकुमाचीं आहेत. राजा रिकाम्या हातानें परत गेला. खुर्ची सभागृहाची, सिंहासनाची नव्हे, हें तेव्हां ठरलें.

आपल्या देशांत परक्या सरकारच्या अमलाखालींहि हें पाणी दिसून आलें. ऑगस्ट १९२५ मध्यें दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचे पहिले निवडून आलेले अध्यक्ष म्हणून विठ्ठलभाई पटेल ५८ विरुद्ध ५६ अशा अवघ्या दोन मतांनीं आले. १९२९ सालीं सरकारचें सार्वजनिक सुरक्षिततेचें बिल नियमाबाहेरचें आहे असा निर्णय त्यांनीं दिला आणि सरकारचा हात अडविला. पुढें १९३७ सालीं मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले ते गणेश वासुदेव मावळंकर. तेच १५ मे १९५२ रोजीं पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष निवडले गेले. त्यांस ३९४ मतें व त्यांचे प्रतिस्पर्धी, शेतकरी कामकरी पक्षाचे शंकरराव मोरे, यांस ५५. मावळंकर मोठे जाणते. तरीहि १८ डिसेंबर १९५४ रोजीं त्यांच्याविरुद्ध लोकसभेंत ठराव आला आणि त्या वेळीं खुर्चीवर उपाध्यक्ष अनंतशयनम्‌ अय्यंगार बसले. ठराव फेटाळला गेला. पण अध्यक्षावरहि प्रश्न विचारतां येतो, आणि तो शिस्तींत विचारतां येतो, हा धडा त्या दिवशीं सर्वांस मिळाला.

हा मान आपल्या जिल्ह्यालाहि लाभलेला आहे. खिरोद्याचे मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ आणि चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४ या काळांत महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष होते. म्हणजे ती खुर्ची आपल्या केळीच्या मुलखाला अनोळखी नाहीं.

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. मार्च २०१७ मध्यें शेतकऱ्यांच्या कर्जमाफीच्या मागणीवरून विधानसभेंत गोंधळ झाला आणि काँग्रेस व राष्ट्रवादी पक्षाच्या १९ आमदारांस ३१ डिसेंबरपर्यंत, म्हणजे सुमारें नऊ महिने, निलंबित केलें गेलें. तें निलंबन पुढें मागें घेतलें; पण वाट पडली. २०१९ सालीं सरकार बदललें. ५ जुलै २०२१ रोजीं दोन दिवसांच्या अधिवेशनांत इतर मागासवर्गाच्या आरक्षणासाठीं केंद्राकडून आंकडेवारी मागण्याचा ठराव होता. गोंधळ उसळला. खुर्चीवर तालिका अध्यक्ष भास्कर जाधव होते. त्यांना दालनांत शिवीगाळ व धक्काबुक्की झाली असा आरोप झाला. विरोधी पक्षानें तो नाकारला. मग मंत्र्यांनीं ठराव मांडला आणि भारतीय जनता पक्षाचे १२ आमदार एक वर्षासाठीं निलंबित झाले. त्यांत आपले जामनेरचे गिरीश महाजन होते आणि धुळे जिल्ह्यांतील शिंदखेड्याचे जयकुमार रावल होते. पूर्वीं ज्या हातानें काठी उगारली त्याच्याच पाठीवर ती परत आली. अशी काठी कोणाचीच नसते. ज्याचें बहुमत त्याची.

दोष कोणाचा, याचा निवाडा करण्यास आम्ही येथें उभे नाहीं. पण दोन गोष्टी पाहा. पहिली, ज्या प्रश्नावर गोंधळ झाला तो बहुजनांच्या पोटाचा आणि मानाचा होता. त्याची साधकबाधक चर्चा व्हावी तितकी झाली नाहीं; वर्तमानपत्रांत आली ती धक्काबुक्की. दुसरी, त्या वेळीं अध्यक्षाची खुर्चीच धन्यावांचून होती. फेब्रुवारी २०२१ मध्यें अध्यक्षांनीं राजीनामा दिला आणि जुलै २०२२ पर्यंत नवा अध्यक्ष निवडला गेला नाहीं. पाटकरी न नेमतां पाट चालवावयाचा आणि मग दारें फुटलीं म्हणून ओरडावयाचें, यांत शहाणपण कोणतें?

हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें आणि २८ जानेवारी २०२२ रोजीं निकाल झाला. अधिवेशनापुढचें निलंबन घटनाविरोधी व बेकायदेशीर ठरलें. न्यायालयाचें म्हणणें थोडक्यांत असें होतें. शिस्तीसाठीं सभासदाला अधिवेशनापुरतें बाहेर ठेवणें समजूं शकतें, कारण कामकाज चालावें हाच शिस्तीचा हेतु. अधिवेशन संपलें कीं तो हेतुहि संपला. सभासद परवानगीवांचून साठ दिवस गैरहजर राहिला तर सभागृहाला त्याची जागा रिकामी ठरवितां येते आणि रिकामी जागा सहा महिन्यांत पोटनिवडणुकीनें भरावी असा कायदा आहे. सभासदाला काढून टाकलें तर लोकांना निदान दुसरा निवडतां येतो. वर्षभराच्या निलंबनांत तोहि उपाय नाहीं. म्हणून ही शिक्षा काढून टाकण्याहूनहि वाईट. ती सभासदाबरोबर त्याच्या मतदारांना होते.

बंधूंनो, ते मतदार म्हणजे आपण. डिसेंबर २०२१ चें हिवाळी अधिवेशन आपल्या आमदारावांचून पार पडलें. आपल्यांपैकीं कांहींनीं त्यांस मत दिलें असेल, कांहींनीं त्यांच्याविरुद्ध दिलें असेल. पण रस्त्याचा, पाण्याचा, पीकविम्याचा प्रश्न त्या सभागृहांत विचारण्याचा हक्क त्या अधिवेशनांत दोघांचाहि सारखाच गेला.

हा रोग एका पक्षाचा नाहीं. दिल्लींत डिसेंबर २०२३ मध्यें लोकसभेंतून १०० व राज्यसभेंतून ४६ असे १४६ विरोधी सभासद निलंबित झाले. संसदेच्या सुरक्षेचा भंग झाला होता, त्याबद्दल गृहमंत्र्यांनीं निवेदन करावें अशी त्यांची मागणी होती. त्यांतील बहुतेक बाहेर असतां, १८६० सालापासून चालत आलेल्या दंडसंहितेच्या जागीं येणारा नवा कायदा व त्याच्या जोडीचे दोन कायदे मंजूर झाले. ज्या कायद्यानें गरिबाला अटक होणार, जामीन मिळणार किंवा नाकारला जाणार, त्यावर इतक्या लोकांच्या प्रतिनिधींनीं एक शब्दहि बोलूं नये, ही शिस्त कीं शांतता? स्मशानांतहि शांतता असते.

मग सभासदांनीं वाटेल तसा धिंगाणा घालावा काय? मुळींच नाहीं. जो आमदार खुर्चीपुढच्या मोकळ्या जागेंत उतरून घोषणा देतो, कागद फाडतो, तो आपल्याच मतदारांची बोलण्याची पाळी वायां घालवितो. गोंधळांत मंत्र्याला उत्तर द्यावें लागत नाहीं, पुरवणी प्रश्न येत नाहीं, विधेयक मिनिटांत उरकतें. सरकारला गोंधळाइतका सोईचा विरोधक दुसरा नाहीं.

आणि आमचाहि दोष आम्हीं कबूल केला पाहिजे. आमदारानें राजदंड पळविल्याचें चित्र आलें कीं आम्ही तें चवीनें पाहतों, एकमेकांस दाखवितों. त्यानें किती प्रश्न विचारले, कोणत्या विधेयकावर दुरुस्ती सुचविली, हें गांवांत कोणी विचारीत नाहीं. ज्या मालाला गिऱ्हाईक तो माल बाजारांत येतो. शांतपणें मुद्देसूद बोलणाऱ्याला आम्हीं मान दिला तर आमदार तसे होतील.

यास्तव आमचीं तीन मागणीं आहेत. अध्यक्षानें खुर्चीवर बसतांना पक्षाची टोपी बाहेर ठेवावी. १९६७ सालीं लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनीं काँग्रेसचा राजीनामा दिला होता. तें अशक्य नाहीं. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानें आमदारांच्या पात्रतेचा निवाडाहि अध्यक्षाच्या हातीं दिला आहे, तेव्हां तर हें अधिकच जरूर आहे. दुसरें, बेशिस्तीची शिक्षा जेवढ्यास तेवढी असावी. ती सभासदाला झोंबावी, मतदारसंघाला नव्हे. तिसरें मागणें आपणांपाशींच आहे. येत्या ग्रामसभेंत पेठेनें आणि कसब्यानें ही पद्धत घालून द्यावी: विषयपत्रिका आधीं वाचावी, एका वेळीं एकानेंच बोलावें, सरपंचानें आपल्या तटाच्या माणसाला आधीं थांबवावें, आणि वहींत तेंच लिहावें जें सभेंत घडलें. विधानसभेची शिस्त सुधारण्याची शाळा मुंबईंत नाहीं, ती चावडीपुढें आहे.

त्या विधवा बाईचा प्रश्न आमच्या माहितीप्रमाणें आजहि वहींत नोंदलेला नाहीं. अशी एखादी बाई पहुराच्या ग्रामसभेंत उभी राहील तेव्हां तिचें वाक्य पुरें होऊं द्या, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतों.