इंजिनाच्या आधी पत्रा



मे महिन्यात आंबा घाट चढताना माझ्या मारुती ८०० ने मान टाकली. गाडी २००४ ची. डिकीत कोल्हापूरच्या बहिणीसाठी हापूसच्या चार पेट्या. साखरपा सोडल्यापासूनच टेंपरेचरचा काटा वर सरकत होता. मला तो दिसतही होता, पण माथ्यावर पोचलो की थांबू, असं म्हणत मी गाडी तशीच दामटली. अर्ध्या घाटात बॉनेटखालून वाफेचा लोट आला. रेडिएटरचा होज फुटला होता. आंबे दुसऱ्याच्या गाडीतून कोल्हापूरला गेले आणि आम्ही टोचन लावून रत्नागिरीला परत आलो. चूक कोणाची, ते वेगळं सांगायला नको.

पहिल्या गॅरेजात दहा मिनिटांत निकाल लागला. "काका, इंजिन गेलं. बदला, नाहीतर भंगारात घाला." खर्च चाळीस हजार. गाडी विकायला काढली असती तर पस्तीस आले असते. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, हिशेब सरळ आहे. गाडीपेक्षा इंजिन महाग पडतंय."

हा सरळ हिशेब मला काही पटत नाही. पस्तीस हजार ही विकणाऱ्याची किंमत झाली. मला गाडी विकायची नव्हती, चालवायची होती. मग तेवढ्याच पैशांत दुसरी कोणती गाडी दारात येते, ते बघायला हवं. जी येईल ती अशीच कोणीतरी वैतागून काढलेली असणार. तिची दुखणी कळण्यात आणखी वर्ष जाणार. हिची तर मला तोंडपाठ आहेत.

म्हणून मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीकडच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रींना गाठलं. त्यांनी आधी ऑइलची पट्टी काढून बोटांत चोळून पाहिली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर त्यात पाणी शिरलंय. तसं नव्हतं. मग तिन्ही प्लग काढले आणि एकेका भोकात गेज लावून मला स्टार्टर मारायला सांगितलं. पहिल्या सिलिंडरचा दाब बारा किलोच्या घरात, दुसऱ्याचा आणि तिसऱ्याचा जेमतेम सहा. या दोन्हींत चमचाभर ऑइल सोडून परत मोजलं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑइलने फट बुजून दाब वाढला असता. काटा जागचा हलला नाही. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम बसलेत म्हणजे मधलं गॅसकेट जळलंय, असं ते म्हणाले. हेड उतरवल्यावर तसंच निघालं. हेड किंचित वाकलं होतं, त्याचं फेसिंग करून आणलं. गॅसकेट, होज, मजुरी धरून साडेसहा हजार. चाळीस हजारांचं इंजिन वाचलं ते एका गेजामुळे.

पण मेस्त्रींचं काम तिथे संपलं नाही. त्यांची उमेदीची वर्षं मिरकरवाड्यात ट्रॉलरच्या इंजिनांवर गेलेली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. होड्या शाकारून ठेवतात, तेव्हाच इंजिनं खोलायची. तिथे इंजिन बदलायचं म्हटलं की घरात रडारड होत नाही. एकाच होडीच्या पोटात तीन-तीन इंजिनं येऊन गेलेली त्यांनी पाहिली आहेत. फक्त नवं इंजिन उतरवण्याआधी फळ्या ठोकून बघतात. "तुम्ही गाडीवाले नेमकं उलटं करता," असं म्हणत ते माझ्या गाडीखाली शिरले. हातात स्क्रूड्रायव्हर. ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्यावर त्यांनी टकटक केलं. दोन ठिकाणी खणखणीत आवाज आला, तिसऱ्या ठिकाणी स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. वर चटई होती, म्हणून मला इतके दिवस पत्ता नव्हता.

आपल्याकडे कोकणात गाडी मरते ती अशी. भाट्याच्या किनाऱ्याकडून येणारी खारी हवा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि चाकांच्या कमानीत अडकून महिनोन्‌महिने ओली राहणारी तांबडी माती. इंजिन तेलात पोहत असतं, ते टिकतं. पत्र्याला कोण विचारतो? देशावरच्या गाडीला लावायचा हिशेब इथे चालत नाही. सस्पेन्शन जिथे बोल्ट होतं किंवा जॅक जिथे टेकतो, तिथलाच पत्रा कुजला असेल तर तिच्यात नवं इंजिन घालणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं, असं माझं स्पष्ट मत आहे. माझा कुजला होता तो मधला तुकडा. तो कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला.

पत्रा धड आहे आणि इंजिन खरोखरच गेलंय, तर खुशाल बदला. कुर्ल्याच्या भंगार बाजारात जुनी इंजिनं मिळतात. मात्र इंजिनाचा नंबर आरसी बुकावर छापलेला असतो, हे विसरू नका. मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमाप्रमाणे बदललेल्या इंजिनाची माहिती चौदा दिवसांत आरटीओला कळवावी लागते. बिल नसलेलं इंजिन दहा हजारांनी स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. ते कोणाच्या चोरलेल्या गाडीतलं निघालं, तर पोलीस ठाण्यात खेटे तुम्हाला घालावे लागतील.

मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली बंद झालं, तरी तिचे सुटे भाग आजही मिळतात. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग. माझ्या गाडीचं पुढचं २०२९ मध्ये आहे. तोवर दर दिवाळीच्या आधी गाडी रॅम्पवर चढवायची आणि चटया उचलून बघायच्या, असं मेस्त्रींनी बजावलंय. तुमचीही गाडी जुनी असेल, तर यंदा पाऊस ओसरला की एवढं कराच. आणि काटा वर जाताना दिसला, तर माथ्याची वाट न बघता तिथेच थांबा.