हवेतला पेट्रोल पंप
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणमालेतील एका भाषणाचा मजकूर)



या भाषणमालेत आतापर्यंत मधुमेह झाला, मृत्युपत्र झालं, गच्चीवरची बाग झाली. आजचा विषय नोटीस बोर्डावर लागल्यापासून लिफ्टमध्ये मला एकच प्रश्न येतोय, "हे काय नवीन?" विषय असा की, लढाऊ विमानाच्या सिम्युलेटरवर, म्हणजे घरच्या कॉम्प्युटरवर, हवेतल्या हवेत विमानात इंधन भरायला कसं शिकतात.

विषय लांबचा वाटेल. पण आपल्या प्रत्येक विंगमध्ये एखाद-दुसरं घर असं आहे, जिथे मुलगा किंवा मुलगी खोलीचं दार लावून विमान उडवत बसते आणि बाहेर आई-वडील ठरवू शकत नाहीत, की हे बंद करावं का चालू द्यावं. हे भाषण मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. दाराच्या आत नेमकं काय चाललंय, ते आधी बघू. मग ठरवा.

परवा आमच्या मजल्यावरच्या काकूंनी अगदी मुद्द्याचं विचारलं, "अहो, पण खाली उतरून का नाही भरत?" उत्तर सोपं आहे. लढाऊ विमान फार पितं. मी सिम्युलेटरवर जे उडवतो, ते अमेरिकन नौदलाचं एफ-१८ हॉर्नेट. त्याच्या पोटात साधारण १०,८०० पौंड, म्हणजे जवळजवळ पाच टन इंधन मावतं. पण पंखाखाली शस्त्रं लादली की वजन वाढतं आणि पल्ला कमी होतो. वाटेत समुद्र असला किंवा परका देश असला, तर उतरणार कुठे? म्हणून इंधनाची टाकीच वर न्यायची. तिला टँकर म्हणतात. आपल्या वायुसेनेकडे २००३ पासून इल्युशिन-७८ जातीचे टँकर आहेत, त्यांचा तळ आग्र्याला. लोहगावला गर्जना करत जाणाऱ्या सुखोई-३० च्या नाकाशी डाव्या बाजूला आत दुमडणारी एक नळी असते, ती याच कामाची. आणि जुलै २०२० मध्ये पहिली पाच राफेल फ्रान्सहून अंबाल्याला आली, तेव्हा वाटेत फ्रेंच टँकरने त्यांना इंधन दिलं होतं. ते फोटो तुम्ही पेपरात पाहिले असतील.

कल्पना मात्र शंभर वर्षांची जुनी आहे. २७ जून १९२३ रोजी अमेरिकेत सॅन डिएगोजवळ एका विमानाने वरून रबरी नळी सोडली आणि खालच्या विमानात मागे बसलेल्या माणसाने ती चक्क हाताने पकडून टाकीत घातली. आज दोन पद्धती आहेत. एकीत टँकरच्या शेपटीला ताठ दांडा असतो आणि टँकरमधला माणूस तो खालच्या विमानाच्या भोकात बसवतो. दुसरीत टँकर मागे लांब नळी सोडतो, तिच्या टोकाला बॅडमिंटनच्या फुलासारखी टोपली असते, आणि मागच्या वैमानिकाने आपल्या विमानाची नळी त्या टोपलीत घालायची. हॉर्नेटची आणि आपल्या विमानांची पद्धत ही दुसरी. म्हणजे सुईत दोरा ओवायचा, पण सुई एका धावत्या गाडीत आणि दोरा दुसऱ्या. दोन्ही गाड्यांचा वेग ताशी सहा-सातशे किलोमीटर.

आता शिकणं कसं होतं ते सांगतो. मी वापरतो त्या सिम्युलेटरचं नाव डीसीएस वर्ल्ड. टेबलावर एक जॉयस्टिक आणि एक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करायचा दांडा. आधी रेडिओवरून टँकर शोधायचा, त्याला कळवायचं, शेजारी जाऊन रांगेत राहायचं. मग वीसेक फूट मागे येऊन स्थिर व्हायचं आणि "तयार आहे" म्हणायचं. परवानगी मिळाली की पुढे सरकायचं. किती वेगाने? टँकरपेक्षा ताशी पाच-सहा किलोमीटर जास्त. म्हणजे आपण संध्याकाळी बागेत चालतो, तेवढ्या वेगाने. त्याहून जोरात गेलात, तर टोपलीला धक्का बसून नळीत लाट उठते आणि खऱ्या आयुष्यात त्या फटक्याने विमानाची नळी तुटू शकते.

पहिले काही दिवस प्रत्येकाचं एकच होतं. टोपली जरा डावीकडे दिसली की विमान डावीकडे. ते जास्त जातं, म्हणून उजवीकडे. तेही जास्त होतं. अर्ध्या मिनिटात विमान पाळण्यासारखं झुलायला लागतं. टँकर सरळ चाललेला असतो, वारा नसतो, सगळे हेलकावे आपल्याच हाताने तयार केलेले असतात. वैमानिकांच्या भाषेत याला स्वतंत्र नाव आहे आणि खरे वैमानिकही शिकताना यातून जातात.

कारण काय? जेट इंजिन लगेच ऐकत नाही. थ्रॉटल आता पुढे केला, तर जोर थोड्या वेळाने येतो. तेवढ्यात काहीच झालं नाही असं वाटून आपण आणखी पुढे करतो. मग दोन्ही जोर एकदम येतात. आंघोळीच्या गिझरचं तसंच असतं बघा. पाणी गार म्हणून नळ फिरवतो, अजून गारच म्हणून आणखी फिरवतो, आणि मग चटका बसतो. उपाय असा, की थोडंसं करायचं, थांबायचं, परिणाम बघायचा, आणि वेग जुळत आला की केलेल्यातलं थोडं परत घ्यायचं. हे 'परत घेणं' शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

दुसरी गोष्ट नजरेची. टोपली आपल्याला घ्यायची आहे, म्हणून डोळे टोपलीवरच खिळतात. पण टोपली हलकी, ती हलणारच. शिवाय आपलं नाक जवळ गेलं की पुढे ढकलल्या गेलेल्या हवेने ती बाजूला सरकते. तिच्यामागे लागलेला माणूस तिच्याबरोबर हलतो. म्हणून शिकवणारे सांगतात, टोपलीकडे बघू नका, टँकरकडे बघा. टँकर मोठा आहे, स्थिर आहे. त्याच्या पंखाखालची एखादी खूण आपल्या काचेच्या चौकटीत एका जागी धरून ठेवा, टोपली डोळ्याच्या कोपऱ्यात दिसू द्या. हे पटायला कठीण जातं, पण त्याशिवाय जमत नाही.

तिसरी गोष्ट हाताची. ताण आला की मूठ आवळते, आणि आवळलेल्या मुठीला बारीक हालचाल करता येत नाही. जॉयस्टिक दोन-तीन बोटांत धरायची. वैमानिक एकमेकांना सांगतात की पायाची बोटं हलवत राहा. ऐकायला गंमत वाटते, पण पायाची बोटं हलवताना शरीर आवळून धरता येत नाही.

आणि चौथी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. टोपली चुकली, तर तिचा पाठलाग करायचा नाही. नियमच आहे. शांतपणे मागे यायचं, पुन्हा वीस फुटांवर स्थिर व्हायचं, पुन्हा सुरुवात. जागेवरच झटापट करणाऱ्याला टोपली मिळत नाही आणि कधी कधी टँकरलाच धडक बसते. मागे येणं ही हार मानलेली नाही, तो पद्धतीचाच भाग आहे.

टोपली लागली म्हणजे संपलं असंही नाही. आणखी थोडं पुढे सरकल्यावर हिरवा दिवा लागतो आणि इंधन सुरू होतं. इंधन आत येतं तसं विमान जड होतं, म्हणून तोच वेग राखायला कणाकणाने जास्त जोर लागतो. मध्येच टँकर वळतो, तेव्हा जोडलेल्या अवस्थेत त्याच्याबरोबर वळायचं. मला पहिल्यांदा टाकी पूर्ण भरायला अडीच महिने लागले, रोज रात्री अर्धा तास. त्या रात्री घरात सगळे झोपले होते, त्यामुळे टाळ्या वाजल्या नाहीत.

खरं आणि सिम्युलेटर यात फरक आहे, तोही सांगायला हवा. खऱ्या वैमानिकाला विमानाची हालचाल पाठीला जाणवते, आपल्याकडे फक्त डोळे. सपाट पडद्यावर अंतराचा अंदाजही नीट येत नाही. पण मोठा फरक असा, की आपल्याला मागे परतायला घर असतं.

एप्रिल १९८२ च्या अखेरीची एक गोष्ट सांगतो. फॉकलंड बेटांच्या युद्धात ब्रिटिशांना असेन्शन बेटावरून सुमारे ६,३०० किलोमीटरवरच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकायचे होते. व्हल्कन जातीचं एक विमान तिथे पोचावं म्हणून अकरा व्हिक्टर टँकर उडाले. टँकरने टँकरला द्यायचं आणि रिकाम्याने परतायचं, अशी साखळी. शेवटच्या टप्प्यावर वादळात एका व्हिक्टरची नळी इंधन घेताना तुटली. तेव्हा दुसऱ्या व्हिक्टरचा कप्तान बॉब टक्सफर्ड याने ते इंधन उलट आपल्याकडे घेतलं, पुढची जबाबदारी घेतली, आणि व्हल्कनला इतकं दिलं की त्याला स्वतःला असेन्शनपर्यंत परतता येणार नव्हतं. मोहीम गुप्त होती, त्यामुळे रेडिओवर मदतही मागता येईना. हल्ला झाल्याचा सांकेतिक शब्द कानावर आला, तेव्हाच त्याने दुसरा टँकर बोलावला आणि समुद्रावर त्याच्याकडून इंधन घेऊन पाचही जण सुखरूप परतले. त्या परतीच्या वेळी टोपली चुकली असती, तर खाली फक्त अटलांटिक होता. मी रात्री सराव करतो तेव्हा हे मला आठवतं. आपण ज्याला खेळ म्हणतो, ते कुणासाठी तरी काय होतं, हे त्याने कळतं.

आता आई-वडिलांच्या प्रश्नाकडे. बंद करायचं का? सरसकट हो किंवा नाही मी म्हणणार नाही. झोप, अभ्यास, मैदान यांवर गदा येत असेल, तर वेळ ठरवून द्या, आणि त्यात खळखळ ऐकू नका. पण त्याआधी एकदा दार वाजवून आत जा, शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "आज काय जमत नाहीये?" मूल नुसतं गोळ्या झाडून करमणूक करत असेल, तर ते लगेच कळेल. पण तेच एक काम महिनाभर करतंय, चुकलं की चिडण्याऐवजी मागे येऊन पुन्हा सुरू करतंय, इंग्रजीतली शेकडो पानांची माहिती-पुस्तिका स्वतःहून वाचतंय, असं दिसलं, तर ते शिकतंय. शाळेत त्याच्या पाठीस लागून जे होत नाही, ते इथे आपणहून चाललंय. ते पुढे वैमानिक होईल असं मी म्हणत नाही. होणारही नाही बहुतेक. पण घाईत हात आवरायची सवय त्याला स्कूटर चालवतानाही उपयोगी पडेल.

मुलांनो, तुम्हालाही एक सांगतो. आई जेवायला बोलावते तेव्हा "टँकरला जोडलोय" हे उत्तर चालणार नाही. सिम्युलेटरला पॉजचं बटण असतं, ते मला माहीत आहे.

दर रविवारी सकाळी दहा ते बारा माझ्या घरी जॉयस्टिक मोकळी असते. ज्यांना बघायचं आहे त्यांनी यावं, ज्येष्ठांनीही यावं. येताना फक्त खाली वॉचमनकडे सांगून या, म्हणजे एका वेळी गर्दी होणार नाही.

सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाल्याबद्दल सर्वांचं अभिनंदन.