जठराच्या कर्करोगांतील रक्षक पेशी

जठरांतील कर्करोगाची गांठ शस्त्रवैद्यानें काढून टाकली, म्हणजे घरच्या मंडळींचा एकच प्रश्न उरतो : आतां पुढें काय? उत्तर देतांना डॉक्टर मुख्यतः दोन गोष्टी पाहतात. गांठ जठराच्या भिंतींत किती खोल शिरली आणि शेजारच्या किती लसिकाग्रंथींपर्यंत रोग पोंचला. हीं मापें आजही भरंवशाचीं आहेत. परंतु दोघां रोग्यांचीं मापें सारखीं असूनही एक वर्षा-दोन वर्षांत दगावतो आणि दुसरा नातवंडें खेळवितो, असें घडतें.

याचें कांहीं कारण गांठींतच दडलेलें असतें. गांठ म्हणजे निव्वळ कर्कपेशींचा ढीग नव्हे. तिची पातळ चकती रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं धरली, तर रोग्याच्या स्वतःच्या पांढऱ्या रक्षक पेशीही तींत शिरलेल्या दिसतात. व्हिर्खो या जर्मन पंडितानें १८६३ मध्यें त्यांची नोंद केली. पण अशा दाहांतूनच कर्करोग उपजतो, असा त्याचा तर्क होता. अमेरिकेंतील मेयो क्लिनिकमधील मॅकार्टी व त्यांचे सहकारी यांनीं १९२१ मध्यें जठराच्याच गांठी तपासून वेगळी गोष्ट दाखविली : जेथें लिंफोसाइट या पेशींची गर्दी होती, ते रोगी शस्त्रक्रियेनंतर अधिक काळ जगले. ही नोंद पुढें बराच काळ उपेक्षित राहिली, हें नवलच!

अर्थात् नुसती गर्दी मोजून भागत नाहीं. मारक टी-पेशी विपुल असणें हें बहुधा सुचिन्ह. उलट, कांहीं भक्षक पेशी गांठीलाच पोसतात. कुंपणानेंच शेत खावें तसा हा प्रकार. २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनांत जठराच्या २९५ गांठी तपासल्या, तेव्हां शेकडा ९ गांठींत एपस्टाइन-बार विषाणू आढळला. बहुतेक माणसांच्या अंगांत तो आयुष्यभर निमूट राहतो. पण कर्कपेशींत तो असला, म्हणजे त्या रक्षकांना परक्या वाटतात आणि लिंफोसाइटांची रीघ लागते. अशा रोग्यांची गत एकंदरींत बरी असते.

मग इतके रक्षक जमूनही गांठ कां वाढते? टी-पेशींना पीडी-१ नांवाचा एक लगाम असतो. क्योटो येथील तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेनें तो १९९२ मध्यें शोधला. २०१८ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांचा वाटा होता. गांठ हाच लगाम खेंचते. तो सैल करणारें निव्होलुमॅब हें औषध जपान, कोरिया व तैवान येथील रोग्यांवर अजमावलें गेलें. इतर उपचार थकलेल्या या रोग्यांचें मध्यम आयुष्य ४.१ महिन्यांऐवजीं ५.३ महिने भरलें, असें २०१७ मध्यें प्रसिद्ध झालें. लाभ थोडा खरा. पण मोजक्यांना तो दीर्घकाळ टिकला. ते मोजके कोणते, हें आधीं ओळखण्यासाठींच ही मोजदाद हवी.

येथें शितावरून भाताची परीक्षा मात्र चालत नाहीं. रक्षक पेशी गांठीच्या कडेला दाटतात आणि गाभ्यांत विरळ असतात, किंवा याच्या उलट. दुर्बिणीच्या नळींतून काढलेल्या चिमूटभर तुकड्यांत जें दिसलें, तें सबंध गांठींत असेलच असें नाहीं. म्हणून कड आणि गाभा दोन्ही मोजावे लागतात.