ग्रेट ईस्टर्न रोड आणि त्याच्या काठची माणसे

(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



शाळेचा इतिहास सांगताना सामान्यतः इमारत, मुख्याध्यापक, निकाल आणि स्नेहसंमेलने यांचा उल्लेख होतो. तो यथोचितच आहे. परंतु खुर्सीपारसारख्या वस्तीत मराठी शाळा उभी का राहिली, हा प्रश्न विचारला की उत्तर शाळेच्या आवारात मिळत नाही. ते बाहेरच्या रस्त्यावर मिळते. भिलाईत ज्याला सगळे ‘जी. ई. रोड’ म्हणतात, त्या रस्त्याचे पूर्ण नाव ‘ग्रेट ईस्टर्न रोड’. रोज त्यावरून ये-जा करणाऱ्या मुलांपैकी फार थोड्यांना या दोन अक्षरांचा अर्थ ठाऊक असतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच रस्ता आणि त्याच्या काठी येऊन वसलेली माणसे हा आहे.

नागपूरहून निघालेला हा मार्ग भंडारा, लाखनी, साकोली, देवरी असा पूर्वेस जातो. वाघ नदी ओलांडली की छत्तीसगड लागते. पुढे राजनांदगाव, शिवनाथेच्या काठचे दुर्ग, मग भिलाई, खारून ओलांडून रायपूर, आरंगजवळ महानदी, आणि सराईपालीवरून संबळपूर. अनेक वर्षे तो राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता. आता त्याचा क्रमांक ५३ आहे. क्रमांक बदलले, पदर वाढले, उड्डाणपूल आले. पण लोकांच्या तोंडी इंग्रजी अमदानीतलेच नाव टिकले आहे.

हा रस्ता बांधण्यापूर्वी येथे वाट नव्हती, असे मात्र नाही. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर छत्तीसगडात उतरले, तेव्हा मराठ्यांनी दुर्गच्या उंचवट्यावर आपला तळ दिला होता. पुढे रतनपूरचे हैहयवंशी राज्य संपले आणि १७५८ पासून रघुजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी हे रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांच्या निधनानंतर सुभेदारांचा अंमल आला. विठ्ठल दिनकर या सुभेदाराने परगण्यांची पद्धत बसवली आणि कमाविसदार, फडणवीस, बरारपांडे अशी हुद्देदारांची साखळी तयार झाली. मोडी लिहिणारे कारकून, हिशेबनीस, पुरोहित, शिलेदार अशी मराठी कुटुंबे या काळात रतनपूर-रायपूरकडे आली. छत्तीसगडातील मराठी वस्तीचा हा पहिला थर होय.

या थराचा अभिमान बाळगताना दुसरी बाजूही डोळ्यांसमोर असावी. सुभेदारीच्या काळात नागपूरची दृष्टी मुख्यतः वसुलीवर होती. भोसले नागपुरी राहून सुभेदारांमार्फत कारभार हाकीत, अधिकाऱ्यांच्या बदल्या होत, आणि कराचा भार शेवटी छत्तीसगडी शेतकऱ्यावर पडे. मंदिरे बांधली गेली, दसऱ्याला सोने वाटण्यासारख्या चालीरीती रुजल्या, हे खरे. आणि रयतेला परक्या सत्तेचा जाच सोसावा लागला, हेही तितकेच खरे. जो समाज आपला इतिहास मुलांना शिकवू पाहतो, त्याने दोन्ही पाने उघडावीत.

१८१८ मध्ये इंग्रजांनी येथील कारभार हाती घेतला. कर्नल अ‍ॅग्न्यू यांनी मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले आणि नागपूर-रायपूर या वाटेचे महत्त्व एकदम वाढले. १८३० ते १८५४ पुन्हा भोसल्यांचा अंमल होता. त्यानंतर नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत, १८६०च्या दशकात, पक्क्या रस्त्यांच्या कामाला वेग आला. नागपूरहून पूर्वेकडे जाणारा मोठा रस्ता म्हणून याचे नाव ‘ग्रेट ईस्टर्न’.

तोवर या मुलखातील व्यापार बंजाऱ्यांच्या तांड्यांवर चाले. पाठीवर गोण्या लादलेले बैल मीठ घेऊन येत आणि धान्य घेऊन जात. पावसाळ्यात वैनगंगा, वाघ, शिवनाथ, खारून या नद्या वाट अडवीत आणि चार महिने मुलूख आपल्यातच मिटून राही. त्यामुळे भाताचे कोठार असलेल्या या प्रदेशात धान्य अतिशय स्वस्त असे. पिकले तरी न्यायचे कसे, हीच अडचण. खडी आणि मुरूम पसरून रस्ता झाला, मोऱ्या बांधल्या गेल्या, तशी बैलगाडी सुरू झाली. १८८०च्या दशकाच्या आरंभी नागपूर-छत्तीसगड रेल्वे राजनांदगावपर्यंत पोहोचली. पुढे बेंगॉल नागपूर रेल्वेने तो मार्ग रुंद करून पूर्वेकडे नेला आणि १८९१ मध्ये नागपूर-आसनसोल मार्ग पूर्ण झाला.

रस्त्याने आणि रेल्वेने शेतकऱ्याला बाजार दिला, जमिनीला किंमत आणली. पण गोण्या बाहेर जाऊ लागल्या तसे भाव चढले, आणि जुने साठे राहिनासे झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत छत्तीसगड होरपळले. लोक पोटासाठी सरकारी दुष्काळी कामांवर माती उचलू लागले; १९०० साली सुरू झालेली रायपूर-धमतरी ही छोटी रेल्वे अशाच दुष्काळी कामातून पुरी झाली. या भागातील रस्ते आणि रूळ यांच्याखाली कोणाचे श्रम आहेत, याची आठवण ठेवायची तर अधिकाऱ्यांच्या नावांबरोबर टोपली वाहणाऱ्या निनावी छत्तीसगडी स्त्रीपुरुषांचीही ठेवली पाहिजे.

याच काळात मराठी वस्तीचा दुसरा थर आला: शिक्षक, वकील, रेल्वेतील आणि कचेऱ्यांतील नोकरदार. १९०६ मध्ये दुर्ग स्वतंत्र जिल्हा झाला, तशी तेथेही मराठी घरे वाढली. या पिढीने सत्ता आणली नाही, विद्या आणली. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. त्यामागे माधवराव सप्रे, रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे तिघे होते. तिघेही मराठी घरांतले. सप्रे यांनीच पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ हिंदीत आणले. याच रस्त्यावरच्या राजनांदगावात, दिग्विजय महाविद्यालयात, गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून अध्यापन करीत होते. घरची भाषा मराठी, धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले मान्यवर कवी, आणि स्वतः गजानन माधव आधुनिक हिंदी कवितेचे एक शिखर. मातृभाषा पक्की असलेला माणूस शेजारची भाषा अधिक समृद्ध करतो, याचा दाखला शोधायला भिलाईकरांना लांब जावे लागत नाही.

तिसरा थर म्हणजे पोलादाचा. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि कारखान्यासाठी भिलाईची निवड झाली. राजहऱ्याचे लोहखनिज, नंदिनीचा चुनखडक, तांदुळा जलाशयाचे पाणी, आणि मुंबई-हावडा लोहमार्ग व ग्रेट ईस्टर्न रोड यांचे सान्निध्य, ही त्यामागची कारणे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्याआधीच हजारो मजूर, फिटर, वेल्डर, नकाशे काढणारे, लेखनिक येथे आले होते. कॅम्प-१, कॅम्प-२ ही वस्त्यांची नावे त्या बांधकामाच्या छावण्यांची आठवण आजही सांगतात. पॉवर हाऊसच्या पूर्वेला, रस्त्यालगतचे खुर्सीपार हे छत्तीसगडी गावही पाहता पाहता कामगारांची वस्ती झाले. येथे तेलुगू घरे भरपूर. त्यांच्या शेजारी ओडिया, भोजपुरी, बंगाली, मल्याळी, पंजाबी आणि मराठी. ज्यांची शेते कारखान्यात आणि वसाहतीत गेली, ती छत्तीसगडी कुटुंबेही याच वस्तीत, कधी याच भट्टीवर, कामाला लागली.

विदर्भातून आलेली माणसे नागपूर, भंडारा, वर्धा, अमरावतीकडची. भंडाऱ्याहून येणाऱ्याला हा मुलूख फार अनोळखी वाटला नसावा. दवडीपार, खुर्शीपार अशी ‘पार’ने संपणारी गावे त्याच्याही जिल्ह्यात होती. तिकडची झाडीबोली आणि इकडची छत्तीसगडी शेजारणींसारख्या एकमेकींचे शब्द उसने घेतात. बस्तरच्या हलबीत तर मराठीच्या खुणा इतक्या ठळक, की ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात तिला मराठीच्या खंडात जागा दिली. आलेल्यांत नवबौद्ध कुटुंबेही होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली आणि त्याच सुमारास भिलाईची उभारणी चालली होती. पगाराची नोकरी, मुलांचे शिक्षण आणि बाबासाहेबांचा विचार या तिन्ही गोष्टी त्यांनी एकाच ट्रंकेत बांधून आणल्या. पुढे गणेशोत्सव, हळदीकुंकू यांच्याबरोबर बुद्धविहार आणि १४ एप्रिल हेही भिलाईतील मराठी जीवनाचे भाग झाले.

आता या कथेतील सर्वांत महत्त्वाची तारीख. १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंत नागपूर आणि भिलाई एकाच राज्यात होते. नागपूर राजधानी असलेल्या त्या जुन्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी दोन्ही राजभाषा होत्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, छत्तीसगड नव्या मध्य प्रदेशात राहिले. भिलाईत कामाला आलेला मराठी माणूस एक पाऊलही न हलता परप्रांतीय झाला आणि त्याची भाषा राजभाषेची अल्पसंख्याकांची भाषा झाली. १ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड राज्य झाले तेव्हा नकाशा पुन्हा बदलला. वाघ नदीवरची सीमा मात्र तशीच राहिली.

मराठी शाळेचे कारण या तारखेत आहे. पुनर्रचनेबरोबरच संविधानात ३५० (क) हा अनुच्छेद आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे तो सांगतो. पण अनुच्छेदाने वर्ग भरत नाहीत. वर्गणी काढणारे पालक, अपुऱ्या पगारावर टिकलेले शिक्षक, पाळी संपवून शाळेच्या सभेस येणारे कामगार यांनी ते भरवले. खुर्सीपारमध्ये मुलाला मराठी शाळेत घालणे हा सोयीचा निर्णय कधीच नव्हता. बाजारात हिंदी, कारखान्याच्या कागदांत इंग्रजी, शेजारी तेलुगू. अशा ठिकाणी आजीची भाषा फळ्यावर दिसावी, एवढाच तो आग्रह होता.

हा आग्रह आज अवघड झाला आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कारखान्यात कायम नोकऱ्या कमी झाल्या, निवृत्त कुटुंबे नागपूर-पुण्याकडे गेली, आणि उरलेल्या पालकांना इंग्रजी माध्यम खुणावते. त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. जे आजोबा भंडाऱ्याहून भाकरीसाठी निघाले, त्यांनीही मुलांच्या भविष्याचाच विचार केला होता. प्रश्न माध्यमापुरता नाही. नातवाला आजोबांचे पत्र वाचता येणार की नाही, हा तो प्रश्न आहे. माध्यम कोणतेही निवडले तरी मराठी वाचन-लेखन घरात टिकवता येते, आणि शाळा त्याचे केंद्र राहू शकते.

त्यासाठी हीरक महोत्सवाच्या निमित्ताने एक काम हाती घेण्याजोगे आहे. घराघरांतल्या ट्रंकांत नेमणुकीची पत्रे, कॅम्पमधले फोटो, रेशनकार्डे, लग्नपत्रिका, गावाकडून आलेली पोस्टकार्डे पडून आहेत. पहिल्या पिढीतील मोजकी माणसे आज हयात आहेत. विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे जावे, गाव, साल, पहिले काम, पहिली खोली, शेजारी कोण, हे विचारावे आणि मराठीत लिहून काढावे. शेजारच्या तेलुगू आणि छत्तीसगडी घरांतील आजी-आजोबांनाही हेच विचारावे, कारण रस्ता सर्वांचा आहे. अशा नोंदींची एक वही शाळेच्या ग्रंथालयात जमा झाली, तर शंभराव्या वर्षी व्याख्यान देणाऱ्याला राजे आणि कमिशनर यांच्या नावांवर भागवावे लागणार नाही.

भोसल्यांचे कारकून हुकूम घेऊन आले, इंग्रजी काळातले शिक्षक पुस्तके घेऊन आले, पोलादाच्या काळातले कामगार जेवणाचा डबा घेऊन आले. पहिले गेले तेव्हा फारसे कोणी रडले नाही. दुसऱ्यांचे नाव शाळा-महाविद्यालयांतून घेतले जाते. तिसऱ्यांनी येथे घर केले, आणि त्यांची मुले आता छत्तीसगडचीच आहेत. ती मराठी बोलतात म्हणून पाहुणी ठरत नाहीत, आणि येथली झाली म्हणून त्यांनी मराठी सोडावी असेही नाही. साठ वर्षे या शाळेने हेच शिकवले. ते शिक्षण पुढे चालू ठेवण्याची जबाबदारी आता माजी विद्यार्थी आणि पालक यांच्यावर आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र, जय छत्तीसगड.