बेगम बाजार आणि घरची बेगमी

(राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त सीमावर्ती तालुक्यातील मेळाव्यात दिलेले भाषण)



२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून हा दिवस आपण पाळतो. त्या कायद्याची जागा पुढे २०१९ च्या कायद्याने घेतली. वजनमापे, पावती, भेसळ व तक्रार निवारण या विषयांवर माझ्यानंतरचे वक्ते अधिकारवाणीने बोलतील. मला टंचाईच्या काळातील किराण्याविषयी बोलावयाचे आहे, आणि त्यासाठी आपणास हैदराबादच्या बेगम बाजारात घेऊन जावयाचे आहे. देगलूर, बिलोली, उदगीर या बाजूच्या मंडळींना ती वाट नवी नाही. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. राज्याच्या सीमा बदलल्या, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. आणि लग्नाचा बस्ता व वर्षाचा मसाला यांसाठी हैदराबाद गाठणारी घरे आजही या सभेत असतील.

बेगम बाजार मुसी नदीच्या उत्तरेस, अफजलगंज व उस्मानगंजच्या शेजारी आहे. निजाम अली खान यांच्या पत्नी हमदा बेगम यांनी ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव पडले. सुकामेवा, डाळी, हळद, धने, मिरची, चिंच, पितळेची भांडी असा हा घाऊक व्यापार आहे. अरुंद गल्ल्यांतून डोक्यावर गोणी घेतलेला हमाल आला की गिऱ्हाइकाने भिंतीला चिकटून उभे राहावयाचे, हा तेथील अलिखित नियम होय.

या नावावरून मला आपल्या भाषेतील एक शब्द नेहमी आठवतो. वर्षभर पुरेल असे धान्य, डाळी, तिखट, चिंच उन्हाळ्यात भरून ठेवणे, यास आपण 'बेगमी' म्हणतो. राणीवाचक 'बेगम' हा तुर्की वळणाचा शब्द. आपली 'बेगमी' मात्र फारसी 'बे-गम', म्हणजे चिंता नसलेला, यापासून आलेली आहे. दोन्ही शब्दांचे कूळ वेगळे, केवळ उच्चार जुळला. पण घरातील साठवणीला 'निश्चिंती' असे नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांना टंचाईची चांगलीच ओळख असली पाहिजे.

बेगमी आणि साठेबाजी यांत फरक आहे, आणि तो केवळ परिमाणाचा नाही. बेगमी हंगामात होते. माल बाजारात भरपूर आला असता, आपल्या घराला वर्षाला किती लागते हे ठाऊक असलेली गृहिणी ती करते. साठेबाजी माल कमी झाल्याची बातमी आल्यावर सुरू होते. व्यापाऱ्याच्या साठ्याला कायदा मर्यादा घालू शकतो. जुलै २०२१ मध्ये केंद्र शासनाने मूग वगळता इतर डाळींवर साठामर्यादा घातली, तेव्हा किरकोळ दुकानदारास ५ टनांची मर्यादा होती. घरातील डब्यांना मात्र अशी मर्यादा घालता येत नाही.

आता २०२० सालाकडे येऊ. २५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी सुरू झाली, आणि तोच दिवस गुढीपाडव्याचा व तेलुगू बांधवांच्या उगादीचा होता. नवी चिंच, नवी मिरची, नवी हळद बाजारात उतरण्याचे हे दिवस. म्हणजे ज्या महिन्यांत बेगमी करावयाची, त्याच महिन्यांत घराबाहेर पडणे बंद झाले. बातमी पसरली ती 'माल संपला' अशी. वस्तुतः मोठी अडचण मालाची नव्हती, तो हलविणाऱ्या हातांची होती. हमाल गावी निघून गेलेले किंवा खोल्यांत अडकलेले. ट्रकचालकाला परतीचे भाडे मिळेल की नाही याची शाश्वती नाही. वाटेवरच्या खाणावळी बंद. कोणता माल जीवनावश्यक व कोणता नाही, यावर नाक्यानाक्यावर वाद होत. शेवटी २९ मार्च रोजी केंद्रीय गृह सचिवांनी असा भेद न करता सर्व मालाच्या वाहतुकीस मुभा असल्याचे राज्यांना कळविले. शासकीय सेवकांच्या बैठकीत हे मी आवर्जून सांगतो, कारण नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात स्पष्ट कागद नसला तर शेकडो मैलांवरच्या घरातील डबा रिकामा होतो.

माझ्या एका आतेबहिणीचे घर बेगम बाजाराला लागून असलेल्या गोशामहल भागात आहे. पुढच्या वर्षी, १२ मे २०२१ पासून, तेलंगणात पुन्हा टाळेबंदी आली, आणि सकाळी ६ ते १० एवढीच मोकळीक राहिली. त्या चार तासांत सारे शहर किराण्याला बाहेर पडे. ताईने मला तेव्हाची यादी नंतर दाखविली. दिनदर्शिकेच्या पाठीमागे लिहिलेली, तीन वेळा खाडाखोड केलेली. पहिल्या यादीत काजू, बदाम, साबुदाणा, शेवया, पाच किलो रवा होते. दुसऱ्या वेळी सुकामेवा गेला. तिसऱ्या वेळी जे उरले ते असे: तूरडाळ, ज्वारी, शेंगदाणे, तेल, मीठ, गूळ, चिंच, सुकी मिरची, धने, जिरे, मोहरी. मी विचारले, "ताई, रवा का खोडलास?" ती म्हणाली, "अरे, रव्याला तूप लागतं, साखर लागते. येसराला काय लागतं? पाणी आणि फोडणी."

या सभेत येसराची ओळख करून देणे म्हणजे धाडसच. परंतु पुण्या-मुंबईकडील जे शिक्षक येथे बदलून आले आहेत त्यांच्यासाठी सांगतो. धान्य, हरभरा डाळ, धने, जिरे व मसाले भाजून दळलेले हे पीठ, महिनोन्महिने टिकते. चिंचेच्या कोळात कालवून फोडणी दिली की आमटी होते, आणि भाजी नसलेल्या दिवशी भाकरीला जोड मिळते. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही ती वाढली जाते. ज्या दिवशी भाजीवाला आला नाही त्या दिवशी ताईच्या घरी ही आमटी होई. एरवी पाकिटातील शेवयांचा हट्ट धरणारी तिची नातवंडे त्या महिन्यात "आज लग्नातली आमटी कर" म्हणू लागली. घराबाहेर रुग्णवाहिकांचा आवाज, शेजारच्या दोन घरांत मृत्यू झालेले, आणि मुलांनी मागितली ती लग्नातली आमटी. हे सांगताना तिचा आवाज कातर झाला होता.

टंचाईत माणसाला पोटभर तर हवेच. पण ओळखीचेही हवे असते. ही चैन नाही. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली मिलो, म्हणजे तांबडी ज्वारी, रेशनवर मिळाली. तिने लोक जगले, हे कृतज्ञतेने मान्य केले पाहिजे. तथापि त्या पिढीच्या आयाबाया आजही सांगतात, ते तिच्या भाकरीविषयी: पीठ विरी जाई, थापताना भाकरी मोडे, आणि रंग पाहून मुले ताट सरकवीत. त्याच दुष्काळी कामांवर मुलांना मिळालेल्या सुकडीची आठवण मात्र गोड आहे. भाजलेले पीठ आणि गूळ, ही चव घरची होती.

२०२० साली तेलंगण शासनाने शिधापत्रिकेवरील प्रत्येक माणसामागे १२ किलो तांदूळ आणि कुटुंबामागे १,५०० रुपये दिले. केंद्राच्या योजनेतून माणशी ५ किलो धान्य व कुटुंबास १ किलो डाळ मिळाली. आपल्याकडे शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ रुपयांवर आणण्यात आली. ही मोठी कामे होत, आणि अशा वेळी धान्याचा हिशेब प्रथम करावा लागतो यात शंका नाही. पण नुसत्या तांदळाला चव येण्यासाठी जे चिमूटभर लागते त्याचा हिशेब बहुधा कोणी करीत नाही. दिवाळी २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने 'आनंदाचा शिधा' म्हणून १०० रुपयांत रवा, हरभरा डाळ, साखर प्रत्येकी १ किलो आणि १ लिटर पामतेल दिले. सणाचे पक्वान्न घरात व्हावे हा विचार शासनाने तेव्हा केला. तोच संकटाच्या दिवसांनाही लावता येईल.

म्हणून गावातील ग्राम आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा जेव्हा ग्रामसेवक मंडळी नव्याने तयार करतील, तेव्हा मदतीच्या पिशवीच्या यादीत गहू, तांदूळ, डाळ, तेल यांखाली चार ओळी वाढवाव्यात, अशी माझी विनंती आहे: मीठ, तिखट, चिंच आणि गूळ. येसर किंवा मेतकूट गावातील बचत गटाकडून दळून घेता आले तर अधिक चांगले. पूर आला, रस्ता तुटला, तरी ते गावातच असेल. शाळेत शिक्षकांनी मुलांकडून आजीच्या घरच्या बेगमीची यादी लिहून आणवावी. कोणत्या महिन्यात काय भरतात, किती भरतात, कशात ठेवतात आणि कीड लागू नये म्हणून काय घालतात. गेल्या वर्षी एका शाळेने हा उपक्रम केला, तेव्हा बिब्बा आणि कडुनिंबाचा पाला यांची नावे अर्ध्याहून अधिक वह्यांत निघाली. आणि एका मुलीने लिहिले होते की आजी बेगमीचा एक शेर शेजारणीच्या नावाने वेगळा भरते.

ताईची ती यादी माझ्या कचेरीच्या खणात आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना पाहावयाची असेल त्यांनी मंचाशेजारी यावे. मी ती आज बरोबर आणली आहे.